निजलेल्या मुलाचा श्वास

(निघोजे, तालुका खेड, येथे प्राथमिक शिक्षक-शिक्षिकांपुढे दिलेले व्याख्यान)



मुलांच्या झोपेतील श्वासाचे विकार, आणि ते ओळखण्याच्या कामी घरच्या मोबाइल फोनवर घेतलेल्या व्हिडिओचा होणारा उपयोग, हा माझा आजचा विषय आहे. हा विषय डॉक्टरांच्या परिषदेत मांडावयाचा सोडून शिक्षकांच्या सभेत कशासाठी, अशी शंका आपणांपैकी कित्येकांच्या मनात आली असेल. तिचे उत्तर असे की, ह्या विकाराची रात्रीची बाजू आईबापांच्या समोर घडते आणि दिवसाची बाजू आपल्या समोर घडते. डॉक्टरांना मात्र ह्या दोहोंपैकी एकही बाजू कोणी दाखविल्यावाचून दिसत नाही.

समजा, आपल्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे तोंड सदा उघडे असते आणि बोलणे नाकात असते. त्याला एका जागी स्वस्थ बसवत नाही. शेजाऱ्याला कोपर मारील, खाली पडलेली पेन्सिल शोधण्यासाठी पाच मिनिटे बाकाखाली राहील. सांगितलेले दोन वाक्यांपलीकडे ध्यानात राहत नाही. सकाळच्या पहिल्या तासाला डोके दुखते म्हणतो आणि क्षुल्लक कारणावरून रडतो किंवा चिडतो. आपण त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहितो, “अभ्यासात लक्ष नाही.” त्याची आई पालकसभेला येते आणि सहज म्हणून जाते, “बाई, झोपतो मात्र ढाराढूर. बापासारखा घोरतो.” आपण हसतो, ती हसते आणि सभा संपते. ह्या दोन गोष्टी एकाच कारणाच्या दोन खुणा असू शकतील, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात येत नाही.

घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती खरी नाही. सर्दीपडशात चार दिवस घोरणाऱ्या मुलाची काळजी करण्याचे कारण नाही. परंतु जे मूल आठवड्यातील तीन किंवा अधिक रात्री, महिनोन् महिने, मोठ्याने घोरते, त्याच्या श्वासमार्गात काही अडथळा आहे काय, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या व २०१२ मध्ये त्या सुधारल्या. त्यांत प्रत्येक मुलाच्या तपासणीत “मूल घोरते काय” हा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे सांगितले आहे. झोपेत श्वासमार्ग वरचेवर अडण्याचा हा विकार साधारणतः शंभरांत एक ते पाच मुलांना असतो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून दिसते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे एखाददुसरे मूल असणे असंभवनीय नाही.

श्वास अडतो कसा, हे समजून घेणे कठीण नाही. आपल्या शिवारात विहिरीवर मोटारपंप असतो. पाणी ओढून घेणारी त्याची सक्शनची नळी कडक असावी लागते. पाणी बाहेर टाकणारी नळी मऊ आणि चपटी असली तरी चालते. सक्शनला मऊ नळी लावली, तर ओढीसरशी ती आतल्या आत चिकटते आणि पाणी बंद होते. माणसाचा घसा ही अशीच श्वास ओढून घेणारी नळी आहे, परंतु ती हाडांची नसून मांसाची आहे. जागेपणी स्नायू तिला ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते स्नायू सैल पडतात. त्यांत नाकामागील अॅडेनॉइड आणि घशातील टॉन्सिल ह्या गाठी वाढलेल्या असल्या, म्हणजे वाट आणखीच अरुंद होते. दोन ते आठ वर्षांच्या वयात ह्या गाठी घशाच्या मानाने मोठ्या असतात. म्हणून हा विकार बालवाडीच्या आणि पहिली-दुसरीच्या वयात विशेष आढळतो. वाट बंद झाली की छाती ओढ घेत राहते, हवा मात्र आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, मूल धाप टाकल्यासारखा श्वास घेते आणि पुन्हा झोपी जाते. असे रात्रीत अनेक वेळा घडते. सकाळी मुलाला त्यातले काहीच आठवत नाही. त्याची झोप मात्र तुकड्यातुकड्यांनी झालेली असते.

मोठा माणूस अपुऱ्या झोपेने पेंगतो. लहान मूल पुष्कळदा पेंगण्याऐवजी चळवळे, चिडखोर आणि अनावर होते. म्हणूनच अशा मुलाला झोपेची उणीव आहे, हे आपल्या मनात येत नाही. झोपेत फार घाम येणे, मोठ्या वयात पुन्हा अंथरूण ओले होऊ लागणे, वजन न वाढणे किंवा उलट अतोनात वाढणे, ह्याही त्याच्याबरोबर आढळणाऱ्या खुणा आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या, टाळू दुभंगलेल्या किंवा खालचा जबडा फार लहान असलेल्या मुलांत हा विकार अधिक असतो. समावेशित शिक्षणामुळे अशी मुले आज आपल्याच वर्गांत बसतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

वर्गातील मंदपणाचा श्वासाशी संबंध असावा, हा विचार नवा नव्हे. १८८९ मध्ये विल्यम हिल ह्या इंग्रज डॉक्टरांनी मुलांच्या अभ्यासातील मागासलेपणाच्या काही कारणांविषयी लेख लिहिला आणि नाक-घशातील अडथळ्याकडे बोट दाखविले. पुढे बराच काळ तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९९८ मध्ये डेव्हिड गोझाल ह्यांनी अमेरिकेत पहिलीच्या वर्गांतील, गुणानुक्रमे अगदी शेवटी असलेली २९७ मुले पाहिली. त्यांपैकी ५४ मुलांत झोपेतील श्वासाचा दोष आढळला. त्यांतील २४ मुलांच्या आईबापांनी टॉन्सिल-अॅडेनॉइडची शस्त्रक्रिया करविली. पुढील वर्षी त्या मुलांचे गुण सुधारले. ज्यांच्यावर उपचार झाले नाहीत, त्यांचे होते तेथेच राहिले.

ह्यावरून, शस्त्रक्रिया केली की प्रत्येक कच्चे मूल पक्के होईल, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. २०१३ मध्ये पाच ते नऊ वर्षे वयाच्या ४६४ मुलांचा अधिक काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांवर लवकर शस्त्रक्रिया केली, निम्मी देखरेखीखाली ठेवली. सात महिन्यांनी पाहता, लक्ष देण्याच्या कसोटीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. परंतु मुलांची वागणूक, त्यांची झोप आणि एकंदर सुखाने राहणे ह्यांत शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची सुधारणा अधिक होती. त्यांच्यापैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी पूर्ववत् निर्दोष झाली; नुसत्या देखरेखीतील मुलांतही ४६ टक्क्यांची तशी झाली. म्हणजे काही मुलांचा दोष वाढत्या वयाबरोबर आपोआप जातो आणि काहींचा जात नाही. कोणाला कोणता उपचार द्यावयाचा, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. त्यांच्यापर्यंत योग्य मूल योग्य वेळी पोहोचावे, एवढीच आपली कामगिरी.

आता डॉक्टरांची अडचण पाहू. दवाखान्यात मूल जागे असते. जागेपणी त्याचा श्वास सुरळीत चालतो. घशात डोकावल्यास गाठी दिसतात, परंतु गाठींच्या आकारावरून रात्रीच्या त्रासाचे माप निघत नाही. आईला विचारावे, तर ती सांगते, “घोरतो, कधी दचकतो.” साधे घोरणे कोणते आणि श्वास अडणे कोणते, हे नुसत्या वर्णनावरून ठरविणे तज्ज्ञांनाही जमत नाही. पक्की तपासणी म्हणजे मुलाला रात्रभर रुग्णालयात निजवून, मेंदू, हृदय, छाती आणि प्राणवायू ह्यांची तारांनी नोंद घेणे. ही सोय मोठ्या शहरांतील मोजक्या ठिकाणीच आहे. तिला खर्च आणि दिवस दोन्ही लागतात. २०२० च्या साथीत प्राणवायू मोजणारी बोटाची छोटी यंत्रे अनेक घरांत आली. परंतु जागेपणी घेतलेला तिचा आकडा झोपेविषयी काहीच सांगत नाही.

येथे घरच्या व्हिडिओचा उपयोग होतो. १९९६ मध्ये इस्राएलमधील याकोव्ह सिवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५८ लहान मुलांचे झोपेतील अर्ध्या तासाचे चित्रण घरी करविले आणि त्याचा पडताळा पक्क्या तपासणीशी पाहिला. ज्यांना विकार होता, त्यांपैकी ९४ टक्के मुले नुसत्या चित्रणावरून ओळखता आली. ज्यांना विकार नव्हता, त्यांपैकी ६८ टक्क्यांनाच चित्रणाने निर्दोष ठरविले. उरलेल्यांवर विनाकारण संशय आला. ह्या आकड्यांचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. व्हिडिओ निकाल देत नाही. कोणत्या मुलाची पुढे तपासणी करावी आणि कोणाची आधी करावी, हे ठरविण्यास तो डॉक्टरांना मदत करतो. त्या काळी त्यासाठी मोठा कॅमेरा आणि कॅसेट लागत असे. आज ते साधन बहुतेक घरांत उशाशीच असते.

हा व्हिडिओ कसा घ्यावा, हे पालकांना समजावून सांगणे आपल्या हातचे आहे. त्यातील मुद्दे क्रमाने सांगतो.

पहिला मुद्दा वेळेचा. मूल झोपल्याबरोबर चित्रण करण्यात फारसा लाभ नाही. स्वप्नांच्या झोपेत स्नायू सर्वांत सैल पडतात, आणि ती झोप उत्तररात्री अधिक असते. म्हणून पहाटे तीन ते पाचच्या सुमारास एक आणि घोरणे सर्वांत मोठे असेल तेव्हा एक, असे निरनिराळ्या रात्रींचे तीन-चार तुकडे घ्यावेत. प्रत्येक तुकडा दोन ते पाच मिनिटांचा असावा आणि तो कापूनछाटून लहान करू नये. दोन घोरण्यांमधली शांतताच डॉक्टरांना पाहावयाची असते.

दुसरा मुद्दा चौकटीचा. नुसता चेहरा पुरत नाही. चेहरा, मान, छाती आणि पोट एका वेळी दिसले पाहिजे. तेवढ्या वेळेपुरते पांघरूण कमरेपर्यंत खाली घ्यावे आणि सदरा छातीवर सैल किंवा वर केलेला असावा. थंडीच्या दिवसांत मूल गारठणार नाही, इतकी काळजी घ्यावी. मुलाला सरळ करू नये, मान हलवू नये. ते ज्या रीतीने निजले आहे, तीच रीत पाहावयाची आहे. मान मागे टाकून किंवा बसल्या बसल्या निजणे, हीसुद्धा एक खूण आहे.

तिसरा मुद्दा उजेडाचा आणि आवाजाचा. मंद दिवा चालेल, परंतु छातीची हालचाल स्पष्ट दिसावी. फोनची बत्ती डोळ्यांवर पाडू नये. दूरदर्शन संच बंद करावा आणि पाच मिनिटे पंखाही बंद ठेवता आला तर फार चांगले. श्वासाचा आवाज चित्राइतकाच महत्त्वाचा आहे. फोन हातात धरू नये, हात हलतो. डब्याला किंवा उशीला टेकवून ठेवावा. सुरुवातीस हळू आवाजात तारीख आणि वेळ बोलावी.

असा व्हिडिओ पाहताना काय दिसते? घोरणे चालू असता एकाएकी आवाज बंद होतो. छाती मात्र हलतच असते. मग मोठ्या हुंदक्यासारखा श्वास येतो. मोठ्या माणसात दहा सेकंदांचा खंड धरतात. मुले भराभर श्वास घेतात, म्हणून त्यांच्यात दोन श्वासांइतका खंडही धरला जातो. गळ्याखालचा खळगा आणि फासळ्यांमधली जागा श्वासागणिक आत ओढली जाते. पोट फुगते तेव्हा छाती खाली बसते, जणू तराजूची दोन पारडी. ही शेवटची खूण तान्ह्या मुलांत निरोगी झोपेतही दिसते, म्हणून ती शाळेच्या वयातच महत्त्वाची मानावी. ह्या खुणा आपणांस ठाऊक असाव्यात, परंतु त्यांवरून आपण किंवा पालकांनी रोगाचे नाव ठेवू नये. दुसरी गोष्ट, चांगल्या दिसणाऱ्या व्हिडिओवर विसंबून राहू नये. एखाद्या रात्री त्रास दिसला नाही, तरी घोरणे आणि दिवसाच्या खुणा कायम असतील, तर डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

ही गोष्ट निघोजेसारख्या गावात सांगण्यास एक खास कारण आहे. ह्या शिवारात मोटारींचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, कुरुळी ह्या साऱ्या पट्ट्यात विदर्भ-मराठवाड्यातून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबे भाड्याच्या एकेका खोलीत राहतात. त्यांची मुले आपल्या शाळांत आहेत. बाप रात्रपाळीला असला, तर आठवडाच्या आठवडा त्याने मुलाला निजलेले पाहिलेले नसते. आई दिवसभराच्या कामाने थकून निजते. खोली एकच, बाजूला डासांची अगरबत्ती जळत असते, कधी कोणी बिडी ओढतो. तंबाखूचा धूर नाक-घशाची सूज वाढवितो, हेही पालकांना ह्या निमित्ताने सांगावे. दुसऱ्या पाळीवरून मध्यरात्रीनंतर परतणारा बाप जर जेवण्यापूर्वी मुलाच्या उशाशी पाच मिनिटे फोन टेकवून ठेवील, तर डॉक्टरांना हवी असलेली गोष्ट त्याच्या हातून सहज होऊन जाईल.

आणखी एक लाभ असा की, व्हिडिओला भाषा लागत नाही. जिला मराठी नीट येत नाही, जिला दवाखान्यात बोलण्याचा धीर होत नाही, जिचे म्हणणे “सगळीच मुले घोरतात” म्हणून बाजूला सारले जाते, अशी आई फोन पुढे करू शकते. तिचे सांगणे मग कोणाला डावलता येत नाही.

आता आपले कर्तव्य. एखाद्या मुलाला आळशी, मंद किंवा खोडकर ठरविण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : “ताई, हा रात्री निजतो कसा?” मूल घोरते काय, तोंडाने श्वास घेते काय, मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो काय, हे त्यातच येते. उत्तर होकारार्थी आले, तर व्हिडिओची रीत समजावून सांगावी. सोबत आपल्या अक्षरात चार ओळींची चिठ्ठी द्यावी : वर्गात लक्ष कसे असते, तोंड उघडे असते काय, पेंगतो की चळवळतो, सकाळी डोके दुखते काय. शिक्षकाने लिहिलेली दिवसाची नोंद आणि आईबापांनी घेतलेला रात्रीचा व्हिडिओ एकत्र पोहोचला, म्हणजे डॉक्टरांपुढे मुलाचे चोवीस तास उभे राहतात. हे घेऊन प्रथम चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात जावे. तेथून गरजेप्रमाणे कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे पाठवितात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू झाला. त्याचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येते. पथक येण्यापूर्वी अशा मुलांची यादी तयार ठेवावी आणि ती मुले मुद्दाम पुढे करावीत. रांगेतून जाणाऱ्या शंभर मुलांत जागेपणी ती ओळखू येणार नाहीत.

काही पथ्ये मात्र कडक पाळावीत. निजलेल्या मुलाचा उघड्या छातीचा व्हिडिओ ही त्या घराची खासगी गोष्ट आहे. तो आपण मागू नये, आपल्या फोनवर घेऊ नये, शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर तर कदापि टाकू नये. पालकांनी तो स्वतःच्या फोनवर ठेवावा आणि डॉक्टरांना समक्ष दाखवावा. मुलींच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. वर्गात कोणाला “घोऱ्या” म्हणून चिडविले जाऊ नये, ह्याकडेही लक्ष असावे. आणि चित्रणासाठी कोणी उपचार लांबणीवर टाकू नये. मुलाचे ओठ निळसर पडले, हलवून जागे केल्याशिवाय श्वास सुरू होईना, किंवा जागेपणीही श्वासाला कष्ट पडू लागले, तर फोन १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेसाठी वापरावा आणि त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

बंधुभगिनींनो, आपल्यावर कामे पुष्कळ आहेत आणि मी त्यांत आणखी एक वाढवीत आहे, ह्याची मला जाणीव आहे. परंतु ह्या कामाला नवा तक्ता नाही आणि खर्चही नाही. येत्या पालकसभेपूर्वी आपापल्या वर्गातील जी दोन-तीन मुले कायम तोंड उघडे ठेवून बसतात आणि जी आपल्या मते हुशार असूनही मागे पडतात, त्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवावीत, आणि त्यांच्या आईबापांना त्या सभेत हा एक प्रश्न विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.